पानांवरचे मेण आणि आदिमानवाचा परिसर

या पाठात काय शिकाल

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

• वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे रेणू लाखो वर्षे का टिकतात
• त्या रेणूंवरून झाडे, गवत आणि पाऊस यांचा अंदाज कसा बांधतात
• टांझानियातील ओल्डुवाय घळीतील अभ्यासाने मानवी उत्क्रांतीच्या एका जुन्या कल्पनेला कसा धक्का दिला
• या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या

१. प्रस्तावना

क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीला मराठीत 'अळवावरचे पाणी' म्हणतात. अळूच्या पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा गोल होतो, पान जरा हलले की घरंगळून जातो आणि पान कोरडेच राहते. याचे कारण म्हणजे पानावर असलेला मेणाचा अतिशय पातळ थर. पाणी टिकत नाही हे खरे. पण ज्या मेणामुळे ते टिकत नाही, ते मेण मात्र विलक्षण टिकाऊ असते. पान गळते, कुजते, मातीत मिसळून जाते. त्यावरच्या मेणाचे काही रेणू मात्र सरोवराच्या किंवा समुद्राच्या गाळात गाडले गेले, तर लाखो वर्षे जवळपास जसेच्या तसे राहतात.

मानवाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करताना आपल्या हाती मुख्यतः दोन प्रकारचे पुरावे येतात: हाडे आणि दगडी अवजारे. हाडांवरून कोण राहत होते हे कळते, अवजारांवरून ते काय करत होते हे कळते. पण ते ज्या जागी राहत होते तिथे सावली होती का, गवत किती होते, पाणी जवळ होते का, हे प्रश्न उरतात. त्यांची उत्तरे मिळवण्याचे जुने मार्ग आहेत, पण प्रत्येकाला अडचण आहे. प्राण्यांचे जीवाश्म उपयोगी पडतात, पण प्राणी एका जागी थांबत नाहीत. परागकण उपयोगी पडतात, पण पूर्व आफ्रिकेतील क्षारयुक्त आणि पुन्हा पुन्हा कोरड्या पडणाऱ्या गाळांत ते बहुधा नीट टिकत नाहीत. शिवाय गवतांचे परागकण एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे गवत कोणत्या प्रकारचे होते हे त्यांवरून ओळखणे अवघड असते.

अशा ठिकाणी पानांवरचे मेण कामी येते. एखाद्या सजीवाने तयार केलेला, गाळात टिकून राहिलेला आणि आपल्या उगमाची खूण जपणारा रेणू म्हणजे जैवचिन्हक किंवा बायोमार्कर. वनस्पतिमेणाचे रेणू हे अशा जैवचिन्हकांपैकी सर्वांत जास्त वापरले जाणारे आहेत.

२. पानावर मेण का असते?

जमिनीवरील वनस्पतींपुढे एक कायमची अडचण असते. प्रकाशसंश्लेषणासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, पण आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही. म्हणून पानाच्या पृष्ठभागावर उपत्वचा नावाचे आवरण असते आणि त्या आवरणात व त्यावर मेण साचलेले असते. हवेची देवाणघेवाण मुख्यतः पर्णरंध्रांतून होते; उरलेला पृष्ठभाग मेणाने जवळजवळ बंद केलेला असतो. द्राक्षांवर किंवा कोबीच्या पानांवर बोट फिरवले की पुसली जाणारी पांढुरकी झाक हे असेच मेण आहे.

हे मेण एकाच पदार्थाचे नसते. त्यात लांब साखळीची अल्केन, मेदाम्ले, अल्कोहोल आणि एस्टर असतात. जुन्या पर्यावरणाच्या अभ्यासात अल्केन आणि मेदाम्ले सर्वाधिक वापरली जातात. त्यांपैकी अल्केनची रचना अगदी साधी असते: कार्बनची सरळ साखळी आणि तिला जोडलेले हायड्रोजन. तिच्यात ऑक्सिजन नाही, दुहेरी बंध नाही. सूक्ष्मजीवांना आणि रसायनांना जिथून सहज हल्ला करता येईल अशी जागाच या रेणूत फार कमी असते. ते पाण्यात विरघळत नाहीत. म्हणूनच पानातील शर्करा आणि प्रथिने केव्हाच नष्ट झाली, तरी अल्केन मागे उरतात.

वारा पानांवर घासतो, पाऊस पाने धुतो, पाने गळून ओढ्यात पडतात, रानाला वणवा लागतो. या प्रत्येक वेळी मेणाचे कण सुटतात आणि पाण्याबरोबर किंवा धुळीबरोबर वाहत जाऊन गाळात बसतात. नद्या त्यांना सरोवरात आणि समुद्रात नेतात. वारा तर त्यांना किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रावर टाकतो.

३. पहिली खूण: साखळीची लांबी

गाळात सापडलेले अल्केन जमिनीवरच्या वनस्पतींचेच आहे, हे कशावरून ओळखायचे? १९६७ मध्ये जेफ्री एग्लिंटन आणि आर. जे. हॅमिल्टन यांनी पानांवरील मेणाच्या रसायनाचा आढावा 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या काळातील अशा कामातून पुढील नियम पक्का झाला.

जमिनीवरील उच्च वनस्पतींच्या मेणात साधारण २५ ते ३५ कार्बनची अल्केन असतात आणि त्यांत विषम संख्येची अल्केन (२७, २९, ३१, ३३) सम संख्येच्या अल्केनपेक्षा कितीतरी जास्त असतात. याचे कारण पेशीतील रसायनात आहे. मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत वाढते, म्हणून मेदाम्लांत कार्बनची संख्या सम असते. त्यांच्यापासून अल्केन तयार होताना शेवटचा एक कार्बन निघून जातो. सम संख्येतून एक वजा केला की विषम संख्या उरते.

याउलट शैवालांत १७ कार्बनच्या आसपासची छोटी अल्केन जास्त असतात. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींत बहुधा २३ आणि २५ कार्बनची अल्केन ठळक असतात. खनिज तेलात सम आणि विषम यांचे प्रमाण जवळपास सारखे असते, कारण जमिनीखालच्या उष्णतेत मूळचा फरक पुसला जातो.

म्हणून प्रत्येक नमुन्याची पहिली परीक्षा अशी घेतात: विषम अल्केनच्या एकूण प्रमाणाला सम अल्केनच्या एकूण प्रमाणाने भागायचे. समजा, एका नमुन्यात विषम अल्केन ८४ भाग आणि सम अल्केन १२ भाग आहेत. भागाकार ७ आला. म्हणजे मेण चांगले टिकले आहे. भागाकार १ च्या जवळ आला, तर तो गाळ तापलेला आहे किंवा त्यात खनिज तेल मिसळले आहे, असा संशय घ्यायचा आणि त्या नमुन्यावर पुढचे निष्कर्ष उभारायचे नाहीत.

४. दुसरी खूण: झाड की गवत?

साखळीच्या लांबीवरून 'जमिनीवरची वनस्पती' एवढेच कळते. ती कोणत्या प्रकारची होती हे कळण्यासाठी साखळीतील कार्बनची समस्थानिके मोजावी लागतात.

निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. दोन्ही स्थिर आहेत, म्हणजे किरणोत्सारी नाहीत. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडताना वनस्पती हलक्या कार्बन-१२ ला झुकते माप देतात. पण सगळ्या वनस्पतींचे माप सारखे नसते.

जवळजवळ सर्व झाडे, झुडपे आणि गहू, भात यांसारखी गवते सी-३ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांत रुबिस्को हे विकर थेट हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडते आणि कार्बन-१३ ला मोठ्या प्रमाणात बाजूला ठेवते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सी-४ पद्धतीची असतात. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावर काम करताना हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ही पद्धत उलगडून दाखवली. या वनस्पतींत दुसरे एक विकर कार्बन आधी पकडते आणि आतल्या पेशींत साठवून रुबिस्कोला पुरवते. बंद खोलीत आलेला कार्बन जवळपास सगळाच वापरावा लागतो, त्यामुळे निवड करायला वाव कमी राहतो. म्हणून सी-४ वनस्पतींत कार्बन-१३ तुलनेने जास्त असतो.

हा फरक डेल्टा कार्बन-१३ या मूल्याने सांगतात. नमुन्यातील कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचे गुणोत्तर एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी किंवा जास्त आहे, ते हे मूल्य दाखवते. ऋण चिन्ह म्हणजे मानकापेक्षा कार्बन-१३ कमी. सी-३ वनस्पतींच्या पानांचे मूल्य सरासरी उणे २७ आणि सी-४ वनस्पतींचे उणे १३ च्या आसपास असते. मेण तयार होताना आणखी थोडा कार्बन-१३ गळतो, त्यामुळे मेणातील अल्केनची मूल्ये याहून खाली जातात: सी-३ साठी सुमारे उणे ३५ आणि सी-४ साठी सुमारे उणे २१.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका गाळातील ३१ कार्बनच्या अल्केनचे मूल्य उणे २८ आले. सी-३ टोकापासून ते ७ एककांनी वर आहे. दोन टोकांतील एकूण अंतर १४ एकके आहे. ७ भागिले १४ म्हणजे ०.५. त्या गाळात आलेल्या मेणापैकी साधारण निम्मे मेण सी-४ वनस्पतींचे आहे. येथे 'मेणापैकी निम्मे' म्हटले आहे, 'जमिनीपैकी निम्मी' नव्हे. या फरकाकडे आपण पुढे परत येऊ.

आफ्रिकेच्या उष्ण मैदानांत सी-४ म्हणजे मुख्यतः उघड्या माळरानावरचे गवत आणि सी-३ म्हणजे मुख्यतः झाडी. त्यामुळे हे एक मूल्य 'किती उघडे, किती सावलीचे' या प्रश्नाच्या बरेच जवळ जाते.

५. तिसरी खूण: पाऊस

अल्केनमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजनही असतो आणि तो वनस्पतीला मुळांतून आलेल्या पाण्यापासून मिळतो. हायड्रोजनचे जड समस्थानिक म्हणजे ड्युटेरियम. उष्ण कटिबंधात जोरदार आणि भरपूर पाऊस पडतो तेव्हा त्या पावसाच्या पाण्यात ड्युटेरियमचे प्रमाण कमी असते. पाऊस तुटपुंजा असेल तेव्हा ते जास्त असते. ढगातून जड रेणू आधी गळतात आणि कोरड्या हवेतून पडताना थेंबांचे बाष्पीभवन होते, ही त्यामागची मुख्य कारणे.

वनस्पती मेण तयार करते तेव्हा ते मूळ पाण्यापेक्षा बरेच हलके होते. हा फरक हजारात साधारण १०० ते १५० एककांचा असतो आणि तो वनस्पतीच्या प्रकारानुसार बदलतो. आजच्या वनस्पतींवर मोजमाप करून हा फरक ठरवतात, मग जुन्या मेणाच्या मूल्यातून तो वजा करून जुन्या पावसाच्या पाण्याचे मूल्य काढतात. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: मेणातील ड्युटेरियम कमी, तर हवामान ओले, जास्त, तर कोरडे.

६. गाळापासून आकड्यापर्यंत

प्रत्यक्ष काम कसे चालते? आधी खंदक खणून किंवा यंत्राने छिद्र पाडून न झिजलेला ताजा गाळ मिळवतात. नमुना ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. प्लॅस्टिकची पिशवी टाळतात, कारण प्लॅस्टिकमधून हायड्रोकार्बन नमुन्यात उतरू शकतात. हातावरचे तेल आणि मलमेही हेच करतात, म्हणून हातमोजे लागतात.

प्रयोगशाळेत गाळ सुकवून त्याची पूड करतात आणि डायक्लोरोमिथेन व मिथेनॉल यांच्या मिश्रणाने त्यातील मेदद्रव्ये काढतात. हा अर्क सिलिका जेलच्या स्तंभातून सोडला आणि वरून हेक्झेन ओतले, की अल्केन आधी बाहेर पडतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत एकेका लांबीचे अल्केन वेगळे होते. नंतर प्रत्येक अल्केन भट्टीत जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि त्यातील समस्थानिकांचे गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. ड्युटेरियमसाठी तोच रेणू अतिशय उच्च तापमानाला तोडून हायड्रोजन वायू मिळवतात. येथे एकेका रेणूचे समस्थानिक मोजले जाते, हे या पद्धतीचे बळ आहे. संपूर्ण गाळाचे मूल्य काढले असते, तर त्यात शैवाल, जिवाणू आणि पाने यांची सरमिसळ झाली असती.

मेण स्वतःचे वय सांगत नाही. ते गाळाच्या थरांवरून ठरवावे लागते. पूर्व आफ्रिकेत यासाठी ज्वालामुखीच्या राखेचे थर फार उपयोगी पडतात, कारण राखेतील स्फटिकांचे वय पोटॅशियम-आरगॉन आणि त्यापुढच्या आरगॉन-आरगॉन पद्धतीने काढता येते.

७. ओल्डुवाय: माळरानाची जुनी गोष्ट आणि नवा पुरावा

१९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील बालकाच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. घनदाट जंगल सोडून उघड्या प्रदेशात जगण्याच्या धडपडीने आपल्या पूर्वजांना घडवले, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे ही कल्पना पाठ्यपुस्तकांत अशी रुळली: आफ्रिका हळूहळू कोरडी होत गेली, जंगले मागे हटली, गवताळ माळरान पसरले आणि माणूस झाडावरून खाली उतरला. या गोष्टीत बदलाची दिशा एकच आहे, ओल्याकडून कोरड्याकडे.

ही गोष्ट तपासण्यासाठी ओल्डुवाय घळीसारखी जागा शोधून सापडणे कठीण. उत्तर टांझानियातील या घळीत १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना 'झिंज' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली कवटी सापडली. आज ती पॅरान्थ्रोपस बॉइसी या जातीची मानतात. १९६४ मध्ये याच घळीतील अवशेषांवरून होमो हॅबिलिस ही जाती मांडली गेली. वीस लाख वर्षांपूर्वी येथे एक खारट, क्षारयुक्त सरोवर होते. त्याच्या तळाशी बसलेल्या गाळात आसपासच्या रानातील मेण वर्षानुवर्षे साठत गेले.

क्लेटन मॅगिल, गेल ॲश्ली आणि कॅथरीन फ्रीमन यांनी या गाळातील सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या काळाचा अभ्यास करून २०१३ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. हा काळ महत्त्वाचा आहे, कारण होमो इरेक्टसचा उदय आणि प्रसार याच सुमारास झाला.

मेणातील कार्बनने सांगितलेली गोष्ट जुन्या गोष्टीहून वेगळी निघाली. बदल एका दिशेने झालाच नव्हता. सी-४ गवताचे उघडे माळरान आणि सी-३ झाडांचे दाट रान यांच्यात परिसर पुन्हा पुन्हा झुलत राहिला होता. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला काही वेळा काही शतके, तर काही वेळा काही हजार वर्षे पुरली. या झोक्यांचा सर्वांत जवळचा संबंध पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीशी आढळला. या गतीमुळे सुमारे २१ हजार वर्षांच्या चक्रात उष्ण कटिबंधातील उन्हाचे ऋतूंनुसार वाटप बदलते आणि त्याबरोबर पावसाचे बळही बदलते. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या तापमानाचा परिणाम दुसऱ्या क्रमांकावर होता.

दुसऱ्या शोधनिबंधात पानांच्या आणि शैवालांच्या रेणूंतील ड्युटेरियम मोजले होते. त्यातून वार्षिक पावसाचा अंदाज निघाला: कोरड्या काळात सुमारे २५० मिलिमीटर आणि ओल्या काळात सुमारे ७०० मिलिमीटर. हा फरक भारतातील आकड्यांवरून चटकन कळेल. २५० मिलिमीटर म्हणजे पश्चिम राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यासारखा पाऊस. ७०० मिलिमीटर म्हणजे सोलापूरच्या आसपास पडणारा पाऊस. जणू एकच गाव काही हजार वर्षांत बाडमेरच्या पावसाकडून सोलापूरच्या पावसाकडे आणि पुन्हा बाडमेरकडे गेले. कोरडे काळ गवताशी जुळले आणि ओले काळ झाडीशी. म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन या दोन स्वतंत्र खुणांनी एकमेकींना दुजोरा दिला.

याचा परिणाम प्रश्नावरच झाला. 'माळरान कधी आले?' हा प्रश्न मागे पडून 'परिसर सारखा बदलत असताना कोण टिकले आणि कसे?' हा प्रश्न पुढे आला. रिक पॉट्स यांनी १९९० च्या दशकातच असे सुचवले होते, की कोणत्याही एका परिसराला जुळवून घेण्यापेक्षा बदलत्या परिसरांत निभावून नेण्याची क्षमता मानवी उत्क्रांतीत निवडली गेली असावी. ओल्डुवायच्या मेणाने हा विचार सिद्ध केला असे म्हणता येणार नाही. पण त्याला ज्या प्रकारचा परिसर हवा होता, तो तिथे खरोखर होता हे मात्र दाखवून दिले.

८. एका जमिनीचा नकाशा

सरोवराच्या गाळात दूरवरचे मेण येऊन मिसळते, त्यामुळे त्यावरून संपूर्ण खोऱ्याचे सरासरी चित्र मिळते. पण आदिमानव 'सरासरी' परिसरात राहत नव्हते. ते एखाद्या झऱ्याजवळ, एखाद्या झाडाखाली बसत होते. मग त्याच संशोधकांनी मॅन्युएल डोमिंगेझ-रॉड्रिगो यांच्यासह झिंजची कवटी सापडलेल्या जागेची सुमारे १८.४ लाख वर्षांपूर्वीची जमीन तपासली. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे नमुने एकाच थरातून, पण सुमारे २५,००० चौरस मीटर क्षेत्रावरून घेतले होते. गाळ नव्हे तर जुनी मातीच तपासल्यामुळे मेण फार दूर वाहून आलेले नव्हते, म्हणून काही मीटरांच्या अंतरावरचे फरकही दिसले.

नकाशा असा निघाला: झऱ्याच्या गोड्या पाण्यावर पोसलेली पाणथळ जागा, तिच्याजवळ झाडांचा एक तुकडा आणि त्या दोहोंभोवती उघडे गवत. नेचे आणि लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या खुणा पाणथळ भागात होत्या. दगडी अवजारांच्या कापांचे व्रण असलेली प्राण्यांची हाडे मात्र झाडीच्या तुकड्यात, पाण्यापासून काही मीटरांवर दाटीने सापडली होती. शिकार किंवा मेलेले जनावर कुठेही मिळाले असेल. मांस कापण्याचे काम मात्र सावलीत, आडोशाला आणि पाण्याजवळ झाले असावे. पाण्याजवळ खाण्याजोग्या वनस्पतीही हाताशी होत्या.

येथे दुसऱ्या एका पुराव्याची जोड घ्यायला हवी. दातांच्या वेष्टनातील कार्बनवरून प्राण्याने काय खाल्ले हे कळते. पूर्व आफ्रिकेतील पॅरान्थ्रोपस बॉइसीच्या दातांवरून त्याच्या आहारापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग सी-४ स्रोतांतून आला होता, असे दिसते. मोठ्या दाढांमुळे त्याला 'कवचफळे फोडणारा माणूस' म्हटले गेले होते. दातांच्या रसायनाने ते नाव शंकास्पद ठरवले. म्हणजे मेण सांगते 'आजूबाजूला काय उगवत होते' आणि दात सांगतात 'त्यातले काय पोटात गेले'. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

९. अर्थ लावताना घ्यायची काळजी

पहिली गोष्ट, मेणाचे प्रमाण आणि वनस्पतींचे प्रमाण एक नसते. काही वनस्पती अल्केन भरपूर तयार करतात, तर काही, उदाहरणार्थ अनेक सूचिपर्णी वृक्ष, फारच कमी. म्हणून चौथ्या भागातील उदाहरणात आपण 'मेणापैकी निम्मे' असेच म्हटले.

दुसरी गोष्ट, सी-४ म्हणजे नेहमीच माळरान नव्हे. पपायरससारख्या पाणथळ जागेतील काही वनस्पतीही सी-४ असतात. निवडुंगासारख्या वनस्पतींची तिसरीच पद्धत असते आणि त्यांची मूल्ये मधोमध पडू शकतात.

तिसरी गोष्ट, मेण मातीत किंवा नदीच्या काठांवर शेकडो ते हजारो वर्षे पडून राहून मग सरोवरात येऊ शकते. त्यामुळे झटपट झालेला बदल नोंदीत पसरट दिसू शकतो.

चौथी गोष्ट, हायड्रोजनची मूल्ये केवळ पावसाच्या प्रमाणावर अवलंबून नसतात. ढग कोणत्या समुद्रावरून आले, हवा किती कोरडी होती, झाडे जास्त होती की गवत, या सर्वांचा त्यात वाटा असतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परिसर बदलला आणि त्याच सुमारास नवी जाती दिसली, एवढ्यावरून परिसराने ती जाती घडवली असे म्हणता येत नाही. जीवाश्म तुरळक सापडतात आणि प्रत्येक जातीचा पहिला सापडलेला अवशेष हा तिच्या जन्माचा दाखला नसतो.

१०. ओल्डुवायच्या पलीकडे

हीच पद्धत आपल्या जातीच्या, म्हणजे होमो सेपियन्सच्या प्रवासालाही लावली गेली आहे. २०१७ मध्ये जेसिका टियर्नी, पीटर डीमेनोकल आणि पॉल झँडर यांनी एडनच्या आखातातील समुद्रतळाच्या गाळातील पर्णमेणावरून ईशान्य आफ्रिकेच्या सुमारे दोन लाख वर्षांच्या हवामानाची नोंद मांडली. माणसे हिरव्यागार काळातच आफ्रिकेबाहेर पडली असतील असा एक अंदाज होता. पण आनुवंशिक पुराव्यावरून मुख्य स्थलांतराचा जो काळ धरला जातो, त्या सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या काळात हा प्रदेश कोरडा आणि थंड होता, असे या नोंदीत दिसले.

भारतातही मेणाची ही भाषा वाचली गेली आहे, जरी बहुतेक वेळा प्रश्न आदिमानवाचा नसून गवताचा किंवा मान्सूनचा होता. कॅथरीन फ्रीमन आणि एल. ए. कोलारुसो यांनी २००१ मध्ये शिवालिक टेकड्या आणि बंगालच्या उपसागरातील गाळातील अल्केन वापरून मायोसीन कालखंडाच्या अखेरीस सी-४ गवत कसे पसरले हे दाखवले. २०१२ मध्ये गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रतळाच्या गाळातील मेणावरून असे दिसले, की सुमारे ४००० ते १७०० वर्षांपूर्वीच्या काळात गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवामानाला सरावलेल्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि पुढेही टिकून राहिल्या. प्रवरेकाठचे दायमाबाद यांसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती याच खोऱ्यात होत्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातील मेणाच्या समस्थानिकांवरूनही गेल्या काही हजार वर्षांतील मान्सूनचा अभ्यास झाला आहे.

११. सारांश

पानांवरील मेणाच्या लांब साखळीच्या रेणूंत तीन खुणा असतात. साखळीची लांबी आणि विषम संख्येचे प्राबल्य यांवरून जमिनीवरच्या वनस्पती ओळखता येतात. कार्बन-१३ वरून झाडी आणि उष्ण प्रदेशातील गवत यांचा वाटा कळतो. ड्युटेरियमवरून पावसाचा अंदाज बांधता येतो. ओल्डुवाय येथे या खुणांनी हे दाखवले, की मानवाचे पूर्वज एकाच दिशेने सुकत जाणाऱ्या माळरानावर नव्हे, तर रान आणि माळ यांच्यात पुन्हा पुन्हा झुलणाऱ्या परिसरात जगत होते, आणि त्या परिसरात गोडे पाणी कुठे आहे यावर बरेच काही अवलंबून होते. त्या परिसराने आपल्याला नेमके कसे घडवले, हे एकटे मेण सांगू शकत नाही. त्यासाठी हाडे, दात, अवजारे आणि मेण यांचे पुरावे एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

१२. स्वाध्याय

१. वनस्पतिमेणातील अल्केनमध्ये विषम संख्येचे कार्बन जास्त का असतात?

२. एका गाळात विषम अल्केन ५५ भाग आणि सम अल्केन ५० भाग आहेत. या नमुन्यावरून जुन्या वनस्पतींविषयी निष्कर्ष काढाल का? कारण द्या.

३. एका नमुन्यात ३१ कार्बनच्या अल्केनचे डेल्टा कार्बन-१३ मूल्य उणे २४.५ आहे. सी-४ वनस्पतींच्या मेणाचा वाटा काढा. (उत्तर: ७५ टक्के)

४. सरोवराचा गाळ आणि जुनी माती यांतून मिळणाऱ्या चित्रांत काय फरक असतो? ओल्डुवायच्या दोन अभ्यासांच्या आधारे लिहा.

५. 'आफ्रिका कोरडी झाली म्हणून माणूस घडला' या विधानाची या पाठातील पुराव्यांच्या आधारे चिकित्सा करा.